स्टीव्हिया: पॅराग्वेची गोड पात आणि कोल्हापूरचं पातेलं

कोल्हापुरात गोडाला तोटा नाही. शिवारात ऊस, हाकेच्या अंतरावर गुऱ्हाळ आणि मार्केट यार्डात गुळाचे सौदे. तरीही इथल्या नर्सऱ्यांत तुळशी-गवती चहाच्या शेजारी आता स्टीव्हियाची रोपं दिसायला लागली आहेत. रोप देताना सांगणं ठरलेलं असतं: "शुगरला लय भारी आहे, रोज चार पानं चावून खावा." यातली पानं खरी, गोडी खरी, पण 'शुगरला भारी' हे ज्या लोकांकडून हे झाड जगाला मिळालं, त्यांच्या वापरात कुठे बसत नाही. त्यांनी ही पात साखरेचं औषध म्हणून जपली नाही. कडू पेयात नि कडू औषधात चिमूटभर घालायची गोष्ट म्हणून जपली. आपणही तशीच वापरली तर ती उत्तम काम देते. साखरेच्या जागी सगळीकडे घालायला गेलं की पदार्थही बिघडतो आणि माणसाचा हिरमोडही होतो.

झाडाचं मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेच्या ईशान्येकडचा आमांबाईचा डोंगराळ पट्टा आणि त्याला लागून असलेला ब्राझीलचा भाग. तिथले पाई तावितेरा आणि काइओवा हे ग्वारानी समाज पिढ्यान्‌पिढ्या ही पात वापरत आलेत. शास्त्रीय जगात तिची नोंद व्हायला १८९९ साल उजाडलं. स्वित्झर्लंडमधून येऊन पॅराग्वेत स्थायिक झालेल्या मोइसेस बेर्तोनी यांनी ती केली, आणि आज वापरात असलेलं 'स्टीव्हिया रेबाउदियाना' हे नाव १९०५ मध्ये पक्कं केलं. पॅराग्वेचे रसायनतज्ज्ञ ओविदियो रेबाउदी यांच्यावरून ते आलं. पानातला गोड घटक शुद्ध रूपात वेगळा काढला तो १९३१ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी, आणि मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला तो १९७० च्या दशकात जपानने. एवढी सगळी नावं झाली, पण ज्या दोन समाजांकडून हे ज्ञान आलं त्यांच्या वाट्याला त्या व्यापारातलं जवळजवळ काहीच गेलं नाही. नफ्यात वाटा मिळावा ही त्यांची मागणी अगदी रास्त आहे.

तिथला मुख्य वापर येर्बा मातेबरोबरचा. माते हे एका सदाहरित झाडाच्या सुकवलेल्या, भरड कुटलेल्या पानांचं पेय. त्यात कॅफीन असतं आणि चव चांगलीच कडवट. गरम प्यायचं तर दुधी भोपळ्यासारख्या फळाच्या कवचातून, आणि थंड प्यायचं, ज्याला तेरेरे म्हणतात, ते बहुतेकदा बैलाच्या शिंगाच्या पेल्यातून. दोन्हीत खाली जाळी असलेली धातूची नळी असते. पेला साधारण दोन-तृतीयांश भुकटीने भरतात, आणि त्यातच सुक्या स्टीव्हियाची चिमूट मिसळतात. वरून थोडं थोडं पाणी ओतत प्यायचं. मातेचं पाणी उकळतं नसतं, ७० ते ८० अंशांच्या आसपास. उकळतं पाणी ओतलं तर कडवटपणा एकदम उतरतो आणि पुढचे पेले पाणचट लागतात. हा नियम लक्षात ठेवा, स्टीव्हियाच्या पानालाही तोच लागू आहे.

तेरेरेत आणखी एक पायरी असते. ताज्या औषधी पाल्याला तिथे 'पोहा न्याना' म्हणतात. तो खलबत्त्यात थोड्या पाण्याबरोबर ठेचायचा आणि बर्फाच्या पाण्याच्या तांब्यात सोडायचा. पोटासाठी एक, उष्णतेसाठी दुसरा, झोपेसाठी तिसरा, असा पाला निवडतात. यात आपला गवती चहाही असतो. आशियातून तिकडे गेला आणि त्यांच्या औषधी पाल्यात मिसळून गेला. तेरेरेची ही सगळी परंपरा युनेस्कोने २०२० मध्ये आपल्या वारशाच्या यादीत घेतली. स्टीव्हियाचं तिथलं काम म्हणजे कडवट पाल्याला पिण्याजोगं करणं. मुलांना कडू काढा पाजताना आपल्याकडे गुळाचा खडा जे करतो, तेच.

आता आपल्याकडचं. पहिली अडचण ओळखीची, कारण 'शुगरचं झाड' म्हणून तीन वेगवेगळी झाडं विकली जातात. स्टीव्हिया हे झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं दोन-अडीच फुटी झुडूप; पानं समोरासमोर, बोटाच्या दोन पेरांएवढी, कडेला बारीक दाते, फुलं बारीक पांढरी. गुडमार म्हणजे बेडकीचा पाला, हा सह्याद्रीतला वेल. तो गोड नसतोच, उलट पान चावलं की जिभेची गोड ओळखण्याची ताकद काही वेळ जाते आणि साखर वाळूसारखी लागते. तिसरं 'इन्सुलिनचं झाड', पूर्व ब्राझीलचं, मांसल पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी लागलेली आणि चव आंबट. तेव्हा घेण्याआधी, औषध फवारलेलं नाही ना हे विचारून, पानाचा कोपरा धुऊन चावा. स्टीव्हियाची गोडी लगेच येत नाही, दोन-तीन सेकंदांनी जिभेच्या मागच्या भागात सुरू होते आणि रेंगाळते. शेवटी ज्येष्ठमधासारखी एक छटा येते. गोडीच नाही आणि फक्त गवत लागलं तर ते रोप घेऊ नका. बियांपासून केलेल्या रोपांत असा फरक फार पडतो.

म्हणूनच बियांच्या नादी लागू नये. या झाडाला स्वतःच्या परागाने बी नीट धरत नाही, त्यामुळे पाकिटातलं बरंचसं बी पोचट असतं. काळपट बी उगवण्याची शक्यता असते, फिकट तपकिरी बी बहुधा रिकामंच. आणि उगवलं तरी आईइतकं गोड निघेल याचा भरवसा नाही. छाटकलम सोपं आणि खात्रीचं. कळी न आलेल्या फांदीचा आठ-दहा सेंटिमीटरचा कोवळा शेंडा डोळ्याच्या खाली कापा, खालची पानं काढा, वरच्या दोन जोड्या ठेवा आणि ओलसर वाळू-कोकोपीटात दोन डोळे आत जातील असा खोचा. सावलीत, वर पातळ प्लॅस्टिकची पिशवी. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. कळी आलेली फांदी लावली तर ती मुळांऐवजी फुलांवर जोर काढते आणि बहुतेक वेळा सुकते.

लावायची वेळ कोल्हापुरात फेब्रुवारी-मार्च. कारण दिवसाची लांबी. दिवस साधारण बारा-तेरा तासांच्या खाली गेला की हे झाड फुलायला लागतं, आणि फुललं की पानातली गोडी उतरते. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या थोडाच वर जातो, म्हणजे झाड कायम फुलण्याच्या उंबऱ्यावरच असतं. दिवस वाढत असताना लावलं तर पानं वाढायला वेळ मिळतो. ऑक्टोबरात लावलेलं रोप वीतभर होतं न होतं तोच कळ्या धरतं, आणि मग 'आमचं झाड वाढतच नाही' ही तक्रार येते. कळी दिसताक्षणी शेंडे खुडायचे. त्यासाठी आठवड्यातून एकदा झाड न्याहाळायची सवय लावून घ्या.

माती आणि पाणी यात इथे सगळ्यात जास्त झाडं मरतात. मूळ मुलुखात ते दलदलीच्या कडेच्या रेताड, किंचित आम्ल जमिनीत वाढतं. मुळाशी ओल कायम हवी, पण पाणी तुंबायला नको. पंचगंगेकाठची काळी जमीन याच्या नेमकी उलट: पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. कुंडीसाठी तांबडी माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत समसमान घ्या. पन्हाळा, आजरा, चंदगडकडची जांभ्याची तांबडी माती मिळाली तर उत्तम. दहा-बारा इंची कुंडी, तळाला मोकळी भोकं, खाली बशी ठेवायची नाही. एप्रिल-मेमध्ये रोज पाणी आणि दुपारी सावली. जून ते सप्टेंबर कुंडी पागोळीच्या आत घ्या. आपल्या झडीच्या पावसात दोन-तीन दिवस मुळं पाण्यात राहिली की खोडाचा जमिनीलगतचा भाग मऊ पडतो, पांढरी बुरशी दिसते आणि वरचं झाड एका दिवसात माना टाकतं. असं झालेलं झाड वाचवायच्या भानगडीत पडू नका. वरचे निरोगी शेंडे कापून नवी कलमं करा, माती टाकून द्या. जमिनीत लावायचं असेल तर वाफा वीतभर उंच हवा. गगनबावड्याकडच्या पावसात मात्र छताखालची कुंडीच बरी.

पानं काढायची ती कळ्या दिसायच्या आधी, दव उडाल्यावर, सकाळी. जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटर ठेवून फांद्या कापा. खाली डोळे राहिले की पुन्हा फुटतात. मग पानं ओरबाडून वेगळी करा. काडीत गोडी अगदी कमी आणि कडवटपणा जास्त, म्हणून काड्यांसकट कुटलेली भुकटी नेहमी निकृष्ट. सुकवण्यात खरी मेख आहे. पॅराग्वेत पानं उन्हात पातळ पसरून एका दिवसात वाळवतात, कारण रेंगाळत वाळलेलं पान काळपट पडतं आणि त्यातली गोडी घटते. आपल्याकडे मार्च ते मेच्या उन्हात सुती कपड्यावर एक पदर पसरलं की संध्याकाळपर्यंत काम होतं. हिरवा रंग जास्त राखायचा असेल तर वारा खेळत्या सावलीत दीड-दोन दिवस. पान मुठीत दाबल्यावर कुरकुरून मोडलं पाहिजे; वाकलं तर अजून ओल आहे, तसंच बरणीत भरलं तर आठवड्यात बुरशी. पावसाळ्यात तोडणी करूच नये. करावीच लागली तर ताजी पानं वापरून संपवा. बरणी काचेची, घट्ट झाकणाची, अंधाऱ्या फडताळात. भुकटी लागेल तेवढीच कुटा.

मापाचं गणित एकदा समजून घेतलं की चुका टळतात. चांगल्या सुक्या पानात गोड घटक साधारण दहा टक्के असतात, आणि ते शुद्ध रूपात साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड. म्हणजे पाच ग्रॅम साखरेचा, एका चमच्याचा, गोडवा आणायला जेमतेम वीस मिलिग्रॅम घटक पुरतो. पाण्यात सगळा उतरत नाही हे धरलं तरी ०.२ ते ०.३ ग्रॅम सुकी पानं. ही दोन बोटांची चिमूट. ताजी असतील तर मध्यम आकाराची तीन-चार. सगळ्यांत जास्त होणारी चूक अशी: पहिला घोट फिका लागतो म्हणून आणखी पानं टाकायची. गोडी उशिरा उमटते, तेव्हा अर्धा मिनिट थांबून मगच ठरवा. एका मर्यादेपुढे गोडी वाढतच नाही, फक्त कडवटपणा वाढतो, कारण हेच घटक जिभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशींनाही चाळवतात. काही माणसांना हा कडवटपणा जास्त जाणवतो. घरात एकाला आवडलं आणि दुसऱ्याने तोंड वाकडं केलं तर दोघंही खरंच सांगताहेत.

रोजच्या वापरासाठी अर्क सोयीचा. अडीचशे मिली पाणी उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग दहा ग्रॅम सुकी पानं घालून अर्धा तास झाकून ठेवा. मलमलीतून गाळा, पण फडकं पिळू नका. पिळल्यावर येणारं गडद हिरवं पाणी कडवट असतं. सुमारे दोनशे मिली अर्क मिळतो आणि त्याचा एक छोटा चमचा म्हणजे अंदाजे एक चमचा साखर. फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस टिकतो, त्यापुढे नाही. साखरेचा पाक महिनोन्‌महिने टिकतो कारण साखर पाणी धरून ठेवते आणि जंतूंना ते मिळू देत नाही. इथे साखरच नाही, नुसतं पाणी आहे. जास्त केला असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा.

आता कशात घालायचं. गवती चहात ही पात सर्वांत शोभते. एक कप पाण्यात गवती चहाची दोन पाती नि किसभर आलं चार मिनिटं उकळा, गॅस बंद करा, स्टीव्हियाची तीन पानं हातात चुरगाळून टाका, तीन मिनिटं झाका, गाळा. पान उकळत्या पातेल्यात कधी टाकू नका. गोडी उष्णतेने जात नाही, पण पानातला तुरटपणा आणि गवताचा वास सगळा उतरतो. दुधाच्या चहालाही हाच नियम: चहा उतरवल्यावर पानं, आणि गाळण्याआधी दोन मिनिटं. लिंबू सरबत आणि कोकमाच्या सरबतात आंबटपणामुळे मागाहून येणारी छटा झाकली जाते, चिमूटभर मिठाने आणखी. अडुळसा किंवा गुळवेलीच्या काढ्यात तर ती ग्वारानी पद्धतीनेच काम करते. फक्त घसा खवखवत असेल तेव्हा गूळ-मधाचा दाटपणा घशाला जो लेप देतो, तो हिच्याकडून मिळत नाही.

आणि कशात घालायचं नाही. गुळाची पोळी, चिक्की, लाडू, मोरांबा, जिलबी यांत साखर-गूळ नुसते गोडीला नसतात. ते वजन देतात, पाक देतात, तार धरतात, तांबूस रंग आणतात, पदार्थ टिकवतात. स्टीव्हिया यातलं एकही काम करत नाही. तिचा पाक होत नाही, ती करपून रंगत नाही, आणि यीस्टला तिच्यातून खाद्य मिळत नसल्याने पावाचं पीठही तिच्यावर फुगत नाही. 'स्टीव्हियाचे लाडू' म्हणून जे मिळतात त्यांत बांधायला खजूर किंवा मनुका असतात, म्हणजे साखर आलीच. बासुंदी आटवून उतरवल्यावर अर्क घालता येतो, पण दाटपणा केवळ दुधाचा असेल हे धरून ती जास्त आटवावी लागते. सणाला खऱ्या गुळाची अर्धी पोळी खाणं मला तरी जास्त शहाणपणाचं वाटतं.

शरीरात काय होतं तेही सरळ आहे. पानातले गोड घटक वरच्या आतड्यात शोषले जात नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा 'स्टीव्हिओल' करतात, यकृत त्यावर प्रक्रिया करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. म्हणून चहातली साखर काढून ही पात घातली तर तेवढी साखर पोटात जात नाही. फायदा एवढाच, आणि मधुमेह्यासाठी तो लहान नाही. पण वर चार पानं चावून खाल्ल्याने आधीची वाढलेली साखर उतरत नाही, गोळ्या तर अजिबात बंद करायच्या नाहीत. रक्तदाब किंवा साखर कमी झाल्याचे जे अभ्यास सांगितले जातात, त्यांत शुद्ध स्टीव्हिओसाइड, म्हणजे पानातला एक मुख्य गोड घटक, २५० ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलेलं होतं. म्हणजे आपल्या चिमटीच्या दहा-वीस पट. आणि त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन उतरवण्यासाठी बिनसाखरेच्या गोडव्यांवर, स्टीव्हियासकट, विसंबू नये. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही.

रोजची सुरक्षित मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शुद्ध अर्कासाठी ठरवली आहे: वजनाच्या दर किलोला स्टीव्हिओलच्या हिशेबात ४ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हे सुमारे ६०० मिलिग्रॅम स्टीव्हिओसाइड होतं, म्हणजे ढोबळमानाने सहा ग्रॅम सुकी पानं. तीन कप चहाला एक ग्रॅमही लागत नाही. मात्र ही मान्यता शुद्ध घटकाची आहे. भारतात २०१५ मध्ये परवानगी मिळाली ती याच शुद्ध घटकांना, आणि अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने अख्ख्या पानाला वा कच्च्या अर्काला गोडवा म्हणून मान्यता दिलेली नाही. म्हणून घरची पात चिमटीपुरतीच ठेवावी. १९६८ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात दाट काढ्याने गर्भधारणा घटल्याचं छापून आलं होतं. पुढे शुद्ध घटकांवर झालेल्या अभ्यासांत तसं दिसलं नाही, तरी गरोदर बाईला किंवा मूल हवं असलेल्या जोडप्याला पानांचे दाट काढे देऊ नयेत. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर रोजच्या वापराबद्दल डॉक्टरांच्या कानावर घाला. गाजर गवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी पहिल्यांदा पानाचा लहानसा तुकडाच घेऊन पाहावा, कुळ एकच आहे.

पाकिटातली पूड घेणार असाल तर पुढचं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. वीस मिलिग्रॅम घटक चमच्याने मोजता येत नाही, म्हणून त्यात भरताड घालतात आणि पाकिटाचं बहुतेक वजन त्याचंच असतं. ते भरताड एरिथ्रिटॉल असेल तर रक्तातली साखर त्याने वाढत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असेल तर वाढते. एका पुडीत ते एखादा ग्रॅम असतं, पण दिवसाला आठ-दहा पुड्या फोडणाऱ्याने तेवढे ग्रॅम आपल्या हिशेबात धरावेत.